हातावरचा दिवा

"अंगठा ठेव, आक्का. नख लावू नगंस. दाब आन धरून ऱ्हा. झिणझिणी करंगळीच्या टोकापतुर गेली तर जागा घावली समज. न्हाई गेली, तर ती जागाच न्हवं."

लालाचा हा आवाज चंद्राबाईच्या मनात उठला तो सांगलीच्या भर पेठेत, घोड्याचा ऊन श्वास तिच्या डाव्या खांद्यावर आल्यावर. हळदीच्या अडतींसमोरून ती नेहमीसारखी कडेकडेनं चालली होती. पदराखाली दुधाचा गडू, ओठांत नाम. टांगा मागून डाव्या अंगाला आला. त्याला घंटा होती आणि टांगेवाला ती पायानं वाजवतही होता, हे तिला वळून पाहिल्यावर कळलं. पितळेची वाटी थरथरताना दिसत होती, आवाज मात्र कुठंच नव्हता. टांगेवाला खाली वाकून अगदी तोंडाजवळ ओरडला, "आवं मावशे, कान घरी ठिवून आलायसा व्हय?" तेव्हा ते शब्द गोधडीखालून आल्यासारखे आले. चंद्राबाई हसली. रागावणं तिला कधी नीट जमलंच नव्हतं. "चुकलं बाबा," म्हणाली, बाजूला झाली, आणि टांगा गेल्यावर तिथंच उभी राहिली. दूध सांडलं नव्हतं. जीव वाचला होता. पण ती थबकली होती ती त्यासाठी नाही. हातभर अंतरावरची घंटा ऐकू आली नाही, तर घाटावरची कुठून येणार? म्हणजे आजही जेवण नाही.

जेवणाचं तिला फार नव्हतं. उपासांशी तिची लहानपणापासूनची ओळख. सोमवार, चतुर्थी, एकादशी ही तिला घरच्या माणसांसारखी वाटत. पण हे व्रत निराळं होतं. घाटावरच्या महादेवाला दुपारी नैवेद्य दाखवतात तेव्हाची घंटा स्वतःच्या कानानं ऐकायची आणि मगच ताटावर बसायचं. ते तिनं धरलं लालासाठी. लालासाहेब हे नाव पलटणीच्या कागदावर. घरात तो लाला, तिच्या पाठचा एकुलता एक भाऊ. सिंगापूर पडल्याची बातमी आली आणि उंब्रजच्या घरी त्याची पत्रं यायची बंद झाली, त्या आठवड्यात चंद्राबाई घाटावर गेली आणि देवाला म्हणाली, त्याला तिकडं घास मिळतोय का नाही मला ठाऊक नाही. तुझा घास झाल्याचं ऐकल्याशिवाय माझा नाही. किती दिवसांसाठी, हे काही बोलली नाही. लढाई संपली, लाला आला, वाळक्या शेंगेसारखा का होईना पण आला. तेव्हा व्रत सुटायला हरकत नव्हती. पण तोवर ते तिच्या अंगवळणी पडलं होतं. चुलीवरचं सगळं उतरवून, हात धुऊन, उंबऱ्यापाशी बसून घंटेची वाट पाहायची ती थोडकी वेळ. घरातली बाकीची वेळ सगळ्यांची होती, ती एवढी तिची एकटीची. मग घंटा यायची, नदीवरून, ओल्या वाऱ्यातून, आणि तिला वाटायचं, झालं, जगात सगळ्यांना वाढून झालं.

उजवा कान तिचा लहानपणच्या गोवरातच बसलेला. सगळं ऐकणं डाव्यावर. आणि संक्रांतीच्या सुमारास नदीवरच्या पहाटेच्या अंघोळीनं की कशानं, डावाच धरला. आधी ठणका. कानामागून निघून जबड्यात उतरायचा, घास चावताना कळ मारायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी औषध घातलं, कान कोरडा ठेवा म्हणाले, गार पाण्याची अंघोळ सोडायला लावली. तिनं तेही केलं, देवाची माफी मागून ऊन पाणी घेतलं. ताप गेला, पू थांबला. पण ठणका काही हटेना आणि कान उघडेना. तिच्या मालकांचं, कृष्णातचं, काम हळदीच्या अडतीत. हरिपूरच्या जमिनीतल्या खोल पेवांत उतरायचं, हळद भरायची, काढायची. त्यांनी एकदा सांगितलं होतं, पेवात खाली गेल्यावर वरच्या माणसांचं बोलणं दुसऱ्या गावातून आल्यागत येतं. तेव्हा तिला ते खरं वाटलं नव्हतं. आता रोज ती तशाच एका पेवात बसलेली असायची, वर माणसं हिंडत फिरत होती, आणि तोंडावरचा दगड कुणी सरकवत नव्हतं.

दुपारी कृष्णात घरी आले, पिवळ्याधमक हातांनी पाटावर बसले, आणि मान तिरकी करून घाटाकडं ऐकत राहिले. मग तिच्या उजव्या नाही, डाव्याच कानाशी येऊन म्हणाले, "झाली बग घंटा. बस जेवाय."

"तुमी ऐकली. तुमी जेवा."

"आगं, मी तुजाच न्हवरा हाय न्हवं? माझं ऐकल्यालं तुला न्हाई चालायचं?"

"तुमी जेवल्यालं मला चालंल, ऐकल्यालं कसं चालंल?"

"लय न्याय शिकलीस," ते म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा मोडून नुसताच हातात धरून बसले. ती दूध प्यायली, वर एक केळं. तिला हसू येत होतं आणि ठणकाही येत होता. आठवडा होत आला तसं चालीत थोडं हलकं हलकं वाटायला लागलं होतं, आणि मालकांचं ताटही अर्धं उरायला लागलं होतं, ते तिच्या ध्यानात येत होतं. एकदा ती स्वतः देवळात जाऊन घंटेच्या बरोबर खाली उभी राहिली. पुजाऱ्यानं दोर ओढला. पायाखालची फरशी थरथरली, दातांपर्यंत काहीतरी आलं, घंटेची जीभ इकडून तिकडं जाताना दिसली. याला ऐकणं म्हणायचं का? तिनं मनाशी खूप वेळ विचारलं. देवाला बहुतेक चाललं असतं. पण तिचं तिला खोटं बोलवेना.

म्हणून तर रोज सकाळी तुळशीपाशी बसून ती लालानं सांगितल्याप्रमाणे हात दाबत होती. गेल्या भाऊबीजेची गोष्ट. तो सांगलीला आला होता. तोच यायचा, ती उंब्रजला जात नव्हती. आई गेली तेव्हा ती गेली होती, लाला अजून बेपत्ताच होता तेव्हा. तिथं घंटा नाही म्हणून आईचं दहावं-बारावं होईतो अन्नाला शिवली नाही आणि परतीच्या मोटरीत चक्कर येऊन पडली. त्यानंतर कृष्णातनी हात जोडून सांगितलं होतं, आता गाव सोडू नगं. भाऊबीजेला लाला पाटावर बसून गमतीनं म्हणाला, "माझ्यासाठनं धरलंस, आन माझ्याच घरला यीनास. ह्यो कुठला न्याव, आक्का?" मग निरांजनाची वात सारखी करत बसला. आल्यापासून तो असाच होता, बोलता बोलता बांध फुटल्यावर पाणी आटावं तसा आटायचा. तिचे हात कणकेत होते. तो एकदम म्हणाला, "तुला एक देतो. घे."

मलायात, रबराच्या मळ्यात, कैदेत असताना त्याचा कान असाच उठला होता. डोकं कुंपणाच्या तारेवर आपटावं असं वाटायचं. औषध कुठलं तिथं! छावणीला लाकडं आणून टाकणारा एक चिनी म्हातारा होता. त्यानं बांबूची नळी काढली, नळीत केसाएवढ्या सुया. एक हातावर, एक कानाच्या पाळीमागं. "टोचल्याली कळली बी न्हाई आक्का. आन ठणका असा उतरला, जसा जिन्यावरनं मानूस उतरतो." पुढं पहारेकऱ्यांनी नळी हिसकून घेतली. तेव्हा म्हाताऱ्यानं त्याला नुसत्या अंगठ्यानं शिकवलं. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती. जागा ध्यानात कशी ठेवायची? "तवा मला आईचा हात दिसला," लाला म्हणाला. "तिच्या गोंदणातला तुळशीचा दिवा. बरोबर तिथं. पैला दिवा दाबायचा, मग पाळीमागं जितं बोट आत शिरतं तितं. दिवा लागला न्हाई तर पाळीचं काय कामाचं न्हाई." त्यानं आपल्याच हातावर दाखवलं, पण ती कणीक मळत होती, आणि दिवा म्हटल्यावर पाहायचं काय होतं? आईच्या डाव्या हाताच्या पाठीवर तुळस होती, तुळशीखाली एकच हिरवा ठिपका, तो दिवा. तसंच गोंदण चंद्राबाईच्याही हातावर होतं. एकाच बाईनं एकाच दिवशी गोंदलेलं.

"गावात कुणाला देतोस का रं हे?" तिनं विचारलं होतं.

"कोन घेतंय! सासूचा हात धरला तर तिनं आळी गोळा केली. पोरं चिनी वैद म्हन्त्यात. तुजी भावजय शालू तोंडावर काय म्हनत न्हाई, पर माझ्या मागं आयाबायांस्नी सांगती, त्यांचं मन ठिकाणावर न्हाई." तो निरांजनाकडं पाहत होता. "कवा कवा मलाच वाटतं आक्का, त्यो म्हातारा नव्हताच. ठणका आपसूक ऱ्हायला आसंल, आन बाकीचं म्या तापात बगितलं. एक कर. कवा तुला कान उठला तर दाबून बग. गुण आला तर सांगाय ये. न्हाई आला तरी सांगाय ये. कागूद नगं. तू ये."

"येते," ती म्हणाली. ओवाळणीच्या ताटावर, कणकेच्या हातांनी. येते म्हणायला किती सोपं.

आणि आता ती दाबत होती, रोज, नेमानं, नाम घेत, आपल्या हातावरच्या दिव्यावर. दिवा काळानिळा पडला होता. तिथं दुखत होतं, पण नुसतं दगडावर दगड घासावा तसं; झिणझिणी नाही, करंगळी आपली निवांत. पाळीमागं दाबलं की घटकाभर बरं वाटायचं, मग पुन्हा पेवाचं तोंड बंद. तिला लालावर अविश्वास आला नाही. अविश्वास आला तो स्वतःवर. आपली श्रद्धा कुठंतरी पातळ झाली असेल. गोंदण म्हणजे मेल्यावर बरोबर येणारा एवढा एकच दागिना. त्यातला दिवा आपल्या हाताखाली लागत नाही, म्हणजे आपल्यातच काहीतरी विझलं असेल. आणि त्याच्या तळाशी आणखी एक, तिला विचार करायला नको वाटणारं. गुण नाही आला तर हे लालाला जाऊन सांगावं लागेल. तो बांधावर बसलेला असेल. आपण म्हणू, लाला, काही झालं नाही रं. तो म्हणेल, बरं. आणि त्या म्हाताऱ्याला, सुयांच्या नळीला, रबराच्या झाडांना, सगळ्याला मनातल्या मनात पुसून टाकेल. मग त्याच्याजवळ त्या वर्षांतलं उरेल काय? नुसती उपासमार.

टांग्याच्या त्या दिवशी दुपारी जन्नतबी आली. मणेराची बायको, शेजारच्या बोळात राहायची, बांगड्यांची दुरडी घेऊन घरोघर फिरायची. रथसप्तमी जवळ आली होती, हळदीकुंकवाला हात ओकेबोके नकोत म्हणून चंद्राबाईनं तिला सांगून ठेवलं होतं. जन्नतबी उंबऱ्यात बसली, दुरडीवरचं फडकं बाजूला केलं, आणि तिच्या तोंडाकडं पाहून म्हणाली, "या अल्ला, काय सुकलीस! जेवत न्हाईस म्हणं अजून? चंद्राभाबी, देव काय तुजा कान तपासाय बसलाय?"

"त्यो न्हाई तपासत. मी तपासती."

"मोठी फौजदार! आन हात इकडं." जन्नतबीनं डावा हात ओढून घेतला. "हे काय? हाताला कुणी मारलं का? हे निळं?"

"म्याच."

"न्हवऱ्याचं काम बी तूच करतीस व्हय!" ती स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसली, आणि हिरव्या बांगड्या निवडल्या, चंद्राबाईच्या मापापेक्षा अंमळ लहान. मोठ्या बांगड्या भरणं तिला कमीपणाचं वाटे. मग तिनं हात दुमडला. चार बोटांनी तळवा खालून धरला, चंद्राबाईचा अंगठा आत दुमडला, आणि हाताच्या पाठीवर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांची हाडं जिथं मागं भेटतात त्या खळग्यात आपला अंगठा रुतवून सगळा हात असा आवळला की त्याची जणू मोळीच झाली.

चंद्राबाई ओरडली. आंबट, थंड, पाण्यासारखं काहीतरी खळग्यातून निघालं आणि सरळ करंगळीच्या टोकाला जाऊन बसलं.

"बांगडी अजून भाईर हाय! आत्ताच काय बोंबलतीस?"

"सोडू नगंस. जन्नत, तितंच. दाब. आजून दाब."

"खुळी झालीस काय गं?"

"व्हय. दाब."

जन्नतबीनं दाबून धरलं, एका हातात बांगडी तशीच, आणि तोंडावर अशी काळजी की जशी कुणाच्या बाळंतपणाला बसली आहे. चंद्राबाईनं डोळे मिटले होते. मिटल्या डोळ्यांपुढं आईचा हात आला. उंब्रजच्या घराचा सोपा, बांगड्या भरायला बसलेली आई, मणेरीण असाच हात आवळायची आणि तुळशीखालचा हिरवा ठिपका दोन हाडांच्या मधे खळग्यात बुडायचा. दिसेनासा व्हायचा. लहानगी चंद्रा म्हणायची, आई, दिवा गेला! आणि हात मोकळा झाला की ठिपका वर यायचा, आई म्हणायची, आला बघ. खळग्यात. आईचा दिवा खळग्यात होता. मग आपला? तिनं डोळे उघडून पाहिलं. आपला हाडावर होता, मधल्या बोटाच्या मागच्या हाडावर, अगदी माथ्यावर. आणि मग तिला तो दिवस सगळाच्या सगळा आठवला. गोंदणारी बाई अंगणात बसलेली, कडुनिंबाखाली, काजळीची वाटी, एकत्र बांधलेल्या सुया. आईचं झालं होतं. चंद्राची तुळस निम्मी होईतो ती दात आवळून बसली. आई म्हणत होती, "सुई दुखायसाठनं नसती गं, दुखणं काढायसाठनं असती." तिला ते पटलं नव्हतं. शेवटचा ठिपका राहिला तेव्हा कुठूनसं कोंबडं फडफडलं आणि तिनं हात ओढला. सुई पडायची तिथं पडली नाही. बाई हळहळली, म्हणाली आता खोडता येत नाही. आई मात्र हसली होती. "ऱ्हाऊंद्या. हिच्या दिव्याला वारं लागलं."

इतके दिवस ती वारं लागलेला दिवा दाबत होती. लालानं सांगितलं होतं आईच्या हातावरचा. तिनं मानलं होतं, आईचा तोच माझा. चंद्राबाईला हसू आलं. पोटातून, हलकं, रिकाम्या पोटाचं हसू. श्रद्धेला काही झालं नव्हतं. नुसतं एक कोंबडं फडफडलं होतं, इतक्या वर्षांमागं.

"आता पाळीमागं," ती म्हणाली, आणि ते आपलं आपण दाबलं. पहिला दिवा, मग पाळी. जन्नतबी एकीकडं, ती एकीकडं, उंबऱ्यात दोघी अशा बसलेल्या, की बोळातून जाणाऱ्या कुणाला वाटावं या दोघी फुगडीला बसूनच सुरुवात करताहेत. ठणका एकदम गेला नाही. लाला म्हणाला होता तसा एकेक पायरी उतरत गेला. मधेच थांबला, मागं वळून पाहिल्यासारखा पुन्हा थोडा आला, आणि गेला. मग बांगड्या चढल्या. जन्नतबी उठली, म्हणाली, "कुणाला सांगू नगं हां, लोक म्हनतील जन्नतबी बांगड्यांबरोबर औषिद बी देती. फुकटात गर्दी हुईल."

संध्याकाळी दिवा लावताना तिनं पुन्हा दाबलं, आणि सकाळी तुळशीपाशी पुन्हा. जबडा मोकळा झाला होता. आ केल्यावर कानात काहीतरी कट् झालं, जसं पेवाच्या तोंडावरची ओली माती तडकते. आधी काही नाही. मग अगदी जवळून, इतक्या जवळून की ती दचकली, बांगड्या किणकिणल्या. तिच्याच हातातल्या. तिनं हात हलवला. पुन्हा किणकिणल्या. मग ती बराच वेळ उगाच हात हलवत बसली, तुळशीला पाणी घालायचं विसरून.

दुपारी कृष्णात आले, पाटावर बसले, आणि घाटाकडं कान न देता तिच्या तोंडाकडं पाहत राहिले. ती उंबऱ्यापाशी होती. चुलीवरचं सगळं उतरवून झालं होतं. वारा नदीवरून येत होता. तिला भीती वाटत होती आणि मजाही वाटत होती; लहानपणी ओट्यावर बसून वडील बाजारातून येतील का अजून वेळ आहे असं वाटायचं, तशी. मग ती आली. लांबून, पातळ, पाण्यावरून तुकड्यातुकड्यांनी, पण आली; आणि चंद्राबाईचे डोळे भरले त्याआधी तिची मान हलली.  कृष्णातनीच उठून दुसरं ताट मांडलं.

"आमटी वाढ," ते म्हणाले, "लय भूक लागल्या. आठवडाभर एका मानसानं जेवायचं म्हंजे काय खायाचं काम न्हाई."

जेवण झाल्यावर तिनं भांडी घासून पालथी घातली, धुवट लुगडं नेसली, देवापुढं हात जोडले. कृष्णात माजघरात आडवे झाले होते. "कराडकडली मोटर अजून गेली नसंल," ती म्हणाली.

ते उठून बसले. तिच्याकडं, मग तिच्या नव्या बांगड्यांकडं पाहिलं. "उंब्रजला?"

"लालाला सांगाय. म्या येते म्हनलं होतं."

"तितं घंटा न्हाई."

"न्हाई."

"मग उद्याला?"

"आजचं पोटभर जेवल्ये की. परवा दुपारच्या आत माघारी येती. तवर दूध घेईन." जराशानं म्हणाली, "व्रत त्याच्यासाठनंच हाय न्हवं? एक दिवस त्याच्या दारात उपाशी ऱ्हायले, तर ते देवाला बी ऐकू जाईल."

 कृष्णातनी कोनाड्यातून हळकुंडांची एक पुडी काढून तिच्या पिशवीत टाकली, शालूबाईसाठी, आणि म्हणाले, "मोटरीत खिडकीपाशी बस. चक्कर यायची न्हाई." ती बाहेर पडली. दार ओढून घेतलं ते आवाज न करता. बोळात ऊन होतं, कुणाच्या तरी अंगणात तीळ कुटल्याचा वास होता. पिशवी काखेत, आणि डाव्या हातावर तिचा उजवा अंगठा चालता चालता आपोआप त्या खळग्यात जाऊन बसला होता. गोंदण नसलेली, कोरी जागा. लाला तिचा हात बघेल, दिवा चुकलेला बघेल, आणि हसेल बहुतेक. मग ती म्हणेल, लाला, त्यो म्हातारा होताच. तिनं ते वाक्य मनाशी एकदा म्हणून पाहिलं. पेठेच्या तोंडाशी आली तेव्हा डाव्या अंगाला, मागून, टांग्याची घंटा वाजली. चंद्राबाईनं मागं वळून पाहिलं नाही. ती सहज बाजूला झाली, टांगा जाऊ दिला, आणि मोटरच्या अड्ड्याकडं चालू लागली.